रशीदाचं मकाव

आखातातल्या अल नहदा वस्तीतल्या त्या इमारतीत रशीदाची मकावची सफर ऐकली नाही असं बिऱ्हाड शोधूनही सापडलं नसतं. खैरुद्दीन एसीच्या सुट्या भागांच्या कंपनीत सेल्सला होता. एका वर्षी कंपनीनं चांगलं काम केलेल्यांना जोडीनं मकावला नेलं होतं. दुआ तेव्हा नुकती दुडूदुडू चालायला लागली होती. रशीदाची आई रत्नागिरीहून व्हिजिटवर आलेली, म्हणून पोरीला तिच्याकडे ठेवून दोघं गेली. त्याआधी आणि त्यानंतरही रशीदानं विमान पाहिलं ते फक्त गावी जाण्यासाठी.

त्यामुळे त्या चार दिवसांवर तिचा भारी जीव. हाँगकाँगहून सुटलेली बोट, तिला लागलेली बोट, खैरुद्दीननं तिच्या पदराला बांधून दिलेलं लिंबू. तोंडात टाकताच भुगा होणारी बदामाची बिस्किटं. हॉटेलच्या आतच वाहणारा कालवा आणि छतावर रंगवलेलं आभाळ, जिथं संध्याकाळ कधी होतच नाही. कुणी नाक मुरडलं, "जुगाऱ्यांच्या गावाला गेलीस गं?" की ती फणकारायची, "एक नाणं टाकलं असेल तर शपथ! डोळ्यांनी बघायला हराम आहे का काही?"

यंदा थंडीत, एका शनिवारी सगळे रास अल खैमाला समुद्रावर गेले. खैरुद्दीन, रशीदा, दुआ, आणि अजमानला राहणारा धाकटा दीर वासिफ आपल्या बायकोला घेऊन. मरियम श्रीवर्धनची. लग्न होऊन वर्षापूर्वीच इकडे आलेली, अबोल, सांगितलेलं काम मुकाट्यानं करणारी. चटई अंथरली, बिर्याणीचं पातेलं उघडलं, तळलेली सुरमई निघाली. पाण्यापलीकडच्या बेटावर नव्या रिसॉर्टचा उंच टॉवर उभा होता.

"इथंच कसिनो येणार म्हणे," वासिफ म्हणाला. "आता मकावला जायची गरज नाही. भाभी, सांगा ना तुमचं ते बोटीचं."

रशीदानं हात पुसले. ती बोलायला लागणार, तेवढ्यात मरियम म्हणाली, "बोटीत मला इतकं मळमळलं ना, की समुद्र बघितलाच नाही. लिंबाचा वास घेत बसले होते नुसती."

रशीदाला आधी वाटलं, पोरगी नक्कल करतेय. करू दे. पण नकलेत जो मिश्कीलपणा असतो तो मरियमच्या चेहऱ्यावर नव्हता. ती टॉवरकडे बघत, आपलं आपल्याला आठवावं तशी थांबत थांबत बोलत होती. बिस्किटं झाली, कालवा झाला. वासिफ मान डोलवत होता. खैरुद्दीन बरोबर त्याच जागी हसला जिथं तो रशीदाच्या गोष्टीला हसायचा.

"आणि मग मी हरवले," मरियम म्हणाली.

रशीदाच्या हातातला घास हातातच राहिला.

"बाथरूम शोधत होते. चुकून त्या खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये शिरले. जिकडे बघावं तिकडे टेबलं, गालिचा एवढा जाड की पाऊल वाजत नाही. दार सापडेना. रडू यायला लागलं. तेव्हा एक म्हातारी आली. जांभळा ब्लाउज, कानात हिरवे खडे. तिनं मनगट धरलं माझं. हात गार होता, ओल्या फडक्यासारखा. एक शब्द बोलली नाही, चालायला लागली."

हे रशीदानं कुणालाही सांगितलं नव्हतं. खैरुद्दीनलासुद्धा नाही. जुगाराच्या हॉलमध्ये शिरले हे कोणत्या तोंडानं सांगणार?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बस! खलास! कुणाची गोष्ट सांगतेस तू? तेव्हा तू श्रीवर्धनला शाळेत दप्तर घेऊन जात होतीस! मकाव नकाशावर तरी दाखवता येईल का तुला?"

मरियम दचकली, आणि कुणीतरी झोपेतून उठवावं तशी सगळ्यांकडे बघत राहिली.

परतीच्या वाटेवर गाडीत खैरुद्दीन म्हणाला, "जाऊ दे ना, लहान आहे. तिनं सांगितलं म्हणून तुझी सफर कमी होते का?"

"तिला ते म्हातारीचं कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलं असशील कधीतरी."

"मी नाही सांगितलं! आणि तुम्ही हसत होतात! माझं ताट उचलून दुसरीपुढं ठेवलं तरी तुम्ही हसालच!"

पण सफर कमी व्हायला लागली होती. दोन दिवसांनी भांडी घासताना तिनं बोट आठवून पाहिली. आठवली, पण मरियमच्या आवाजात. बदामाच्या बिस्किटाची चव आठवावी म्हणून तिनं डोळे मिटले, तर जिभेवर काहीच आलं नाही, पिठूळसुद्धा नाही. त्याच आठवड्यात शेजारची ममता लिफ्टमध्ये भेटली आणि हौसेनं म्हणाली, "अहो, तुमच्या जावेची ती मकावची ट्रिप! लुलू सुपरमार्केटमध्ये भेटली होती, काय मस्त सांगते! तुम्हीपण जाऊन या ना एकदा."

रशीदा लिफ्टमधून उतरली ती चुकीच्या मजल्यावर.

घरी येऊन तिनं दुआला जुने फोटो काढायला लावले. कालवा होता, कारंजं होतं, छत्री धरून उभा खैरुद्दीन होता. ती एकाही फोटोत नव्हती.

"ऑफ कोर्स, मम्मा," दुआ म्हणाली. "यू टुक देम."

खरंच होतं. सगळे फोटो तिनंच काढले होते. तरी तिला वाटलं, एकदाही कुणाला म्हणावंसं वाटलं नाही, दे इकडे कॅमेरा, तू उभी राहा? रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात एक गोष्ट काय ती आपली होती. तीही कुणी आयती येऊन उचलून न्यावी, आणि घरच्यांनी तिलाच वेड्यात काढावं!

दुसऱ्या दिवशी खैरुद्दीन कामावर गेल्यावर तिनं टॅक्सी केली आणि थेट अजमान गाठलं.

दार मरियमनं उघडलं. भर दुपारी घरातले सगळे दिवे लावलेले होते. तिचा चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. रशीदानं रस्ताभर जुळवलेली वाक्यं एका दमात ओतली. चोरटी म्हणाली, कारस्थानी म्हणाली, तुझ्या आईबापानं हेच शिकवलं का म्हणाली.

मरियमनं ऐकून घेतलं. मग हात जोडले.

"भाभी, मला नको आहे ते. परत घेऊन जा. देवाशपथ घेऊन जा. मी सांगत नाही, ते आपोआप येतं. जेवायला बसले की येतं. आता तर त्या हॉलच्या पुढचंही येतं."

"पुढचं काय? पुढं काही नाही. म्हातारीनं मला दारापर्यंत आणलं. हे बाहेर पाठमोरे उभे होते. झालं."

मरियमनं नाही अशी मान हलवली.

"बोल ना!"

"तिनं दाराशी आणलं, खरंय," मरियम हळू म्हणाली. "बाहेर भाईजान उभे होते. मी बाहेर पडले. मग मागं वळून पाहिलं."

"बरं मग?"

"तुम्ही आतच होतात, भाभी. टेबलाशी बसलेल्या. ती म्हातारी तुमच्या शेजारी बसली होती. तुमचं मनगट तिनं सोडलंच नव्हतं."

खाली रस्त्यावर एक ट्रक रिव्हर्स घेत होता. त्याचा बीप बीप आवाज बराच वेळ येत राहिला.

"मी आत?" रशीदाचा आवाज चिरकला. "मग इतकी वर्षं तुझ्या दिराचे डबे कोण भरतंय? पोरगी कोणी वाढवली? तुझ्या लग्नात पाहुण्यांची उठबस कोणी केली? सांग ना!"

मरियम एक पाऊल मागं सरकली.

रशीदा घरी आली. चहा टाकला. खैरुद्दीन मगरिबच्या सुमारास, दिवेलागणीला आला, सोफ्यावर बसला, कप हातात घेतला. दुआ कोपऱ्यात अभ्यास करत होती.

"मला एक सांगा," रशीदा म्हणाली. "मकावला मी हरवले होते. दाराशी आपण भेटलो, तेव्हा मी काय म्हणाले?"

"काहीच नाही."

"काहीच?"

"दोन दिवस तू बोललीच नाहीस. मला वाटलं, दमलीस." त्यानं चहाचा घोट घेतला. "मग हळूहळू बोलायला लागलीस. झोपेतलं तेवढं राहिलं."

"झोपेतलं कसलं?"

खैरुद्दीननं तिच्याकडे पाहिलं, मग दुआकडे. "म्हणजे, ते तू बोलतेस ना. वेगळ्याच भाषेत."

"इट्स नंबर्स, मम्मा," दुआ वहीतून मान वर न करता म्हणाली. "आय रेकॉर्डेड यू वन्स. माय चायनीज फ्रेंड हर्ड इट. जस्ट नंबर्स. अँड देन यू लाफ."

रशीदा उभी राहिली. "इतकी वर्षं! आणि एकानं मला सांगितलं नाही? एकदा हलवून उठवावं असं वाटलं नाही कुणाला?"

खैरुद्दीननं कप खाली ठेवला. तो ओशाळला होता.

"वाटायचं गं," तो म्हणाला. "पण तिथं तू इतकी खूश असतेस."