जोडात शिरलेलं धुकं

"आई! आई, ऐकू येतंय का?"

खर्रर्र! रेडिओतून नुसती खरखर. मॉराने माईक आदळला. सलग तिसरी संध्याकाळ! आई शिंपले पकडणाऱ्या बोटीवर होती. उद्या संध्याकाळी सहाला तिची शेवटची हाक यायची, मग बोट फंडीच्या आखाताबाहेर जाणार आणि दहा दिवस आवाज नाही.

"रेडिओच भिकार आहे!" शेडच्या छपरावर लाकडी कौलं ठोकता ठोकता एल्डनमामा ओरडला.

"मागच्या आठवड्यात नवा आणलास ना?"

"मग हाही भिकार!"

"बाबा, ऊन असलं की चालतो, धुकं आलं की बसतो," मामाचा मुलगा डंकन म्हणाला. "अँटेनाच्या केबलच्या जोडात पाणी जातंय!"

"मी स्वतः पट्टी गुंडाळलीय तिथं. थेंब शिरायचा नाही! पळा, काम करू द्या."

तीन दिवस हेच उत्तर! मॉराला इतका संताप आला की रात्री तिला जेवणही गेलं नाही.

सकाळी मामा खिळे आणायला गेला आणि तिघं कामाला लागली. डंकनने रेडिओ बंद केला. त्याच्या छोट्या बहिणीने, बेथने शिडी धरली. मॉराने भिंतीवरचा जोड दाबला, तर पट्टीतून पाणी ठिबकलं!

"बघ, सांगत होतो ना मी!" डंकन म्हणाला.

पट्टीचे वेढे वरून खाली आले होते. प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून पाणी झेलत होती. मॉराची नजर छपराकडे गेली आणि ती मनाशीच हसली.

मामा परतताच तिने भोळेपणाने विचारलं, "मामा, लाकडी कौलं मी वरून खाली लावत येऊ?"

"वेडी का काय! आधी खालची ओळ, मग तिच्यावर वरची. नाहीतर पाणी आत जाईल ना!"

"मग शिडीवर चढ आणि तुझी पट्टी बघ."

मामा चढला. पट्टीच्या कडांवरून त्याने बोट फिरवलं. वीस वर्षं कौलं लावणारा माणूस, आणि पट्टी मात्र उलटी!

आतलं तांबं हिरवं पडलं होतं. मामाने खराब टोक कापून नवा जोड बसवला. मॉराने रबरी पट्टी ताणून खालून वर गुंडाळली, तिच्यावर काळी पट्टी, तीही खालून वर. डंकनने केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

सहा वाजले. बाहेर दाट धुकं, पण रेडिओतून आवाज स्वच्छ आला.

"मॉरा! तीन दिवस कुठं होतीस गं?"

"आई!" मॉरा ओरडली. माईक मामाने घेतला.

"ती इथंच होती, ताई. पोरांनी चूक केव्हाच ओळखली होती. ऐकू येत नव्हतं ते मला!"