त्यांना जाग येतेय

ही भरसकाळची हकीकत आहे. ज्यांना अमावास्या, पडकं घर आणि रडणारी कुत्री हवी असतील त्यांनी इथेच थांबावं. हे लखलखत्या दिव्यांखाली घडलं, ऑपरेशन थिएटरमध्ये. माझी मावशी तिथे होती. ती खोटं बोलत नाही. आणि मीठमसाला लावणं तर तिला स्वयंपाकातही जमत नाही.

मावशी भूलतज्ज्ञ आहे. गेल्या हिवाळ्यात ती एका खासगी हॉस्पिटलात कामाला होती. तिथले सर्जन म्हणजे एक प्रकरणच होतं. स्टाफ त्यांना पाठीमागे ‘महाराज’ म्हणायचा. पेशंट शुद्धीवर असेपर्यंत महाराजांच्या तोंडात साखर. त्याचा डोळा लागला रे लागला, की त्याच्या पोटावरून, वासावरून, फाटक्या बनियनवरून विनोद सुरू. बरं, हसायची सक्ती. न हसणाऱ्या नर्सची ड्युटी बदलायची.

त्या सकाळी टेबलावर एक बसचालक काका होते. अंगाने आडवे, मनाने भित्रे. पित्ताशयात खडे झाले होते.

“मॅडम, मधेच जाग आली तर हो?”

“नाही येणार, काका. आणि यायला लागलीच, तर तुमच्या आधी मला कळेल.”

मावशीने त्यांच्या कपाळावर एक पट्टी चिकटवली. ही पट्टी मेंदूच्या लहरी टिपते आणि मशीनवर आकडा दाखवते. जागा माणूस शंभराच्या आसपास. गाढ भुलीतला चाळीस-पन्नास. आकडा चढायला लागला, की समजायचं, भूल उतरतेय.

“मी डोक्याशीच बसलेय,” मावशी म्हणाली.

काका झोपले. आकडा पंचेचाळीसवर स्थिरावला.

“हे पोट आहे की गोदाम?” महाराजांनी सुरुवात केली. “बसमध्ये पॅसेंजरला जागा कुठे उरत असेल?”

स्वतःच्या विनोदावर स्वतःच खिदळताना त्यांचा हात चुकला. नको ती रक्तवाहिनी कापली गेली. रक्त थांबेना. सगळ्यांनी जिवाचं रान केलं...

काका गेले.

महाराजांनी हातमोजे काढले. “हार्ट वीक होतं. घरच्यांना सांगतो मी.” भाजी संपली म्हणून भाजीवाल्याने सांगावं, तसा आवाज.

मावशीने स्वतःच्या हाताने कपाळावरची पट्टी काढून ट्रेमध्ये टाकली. काकांना खाली नेलं. नर्सने टेबल पुसलं, नवी चादर अंथरली आणि हुंदका दाबत बाहेर गेली.

मावशी एकटी उरली. मशीन बंद करायला वळली...

पडद्यावर आकडा होता.

पंचेचाळीस.

पट्टी ट्रेमध्ये. वायर मोकळी लोंबतेय. तरी पडद्यावर रेघ संथ लहरत होती... गाढ झोपलेल्या माणसाची लहरते तशी.

बाहेर पॅसेजमध्ये महाराज बोलत होते. “आम्ही शर्थ केली हो. पण यांनी तब्येतच अशी करून ठेवली होती...”

आकडा पंचावन्नवर गेला.

काकांच्या बायकोने हंबरडा फोडला.

साठ.

भूल उतरत होती. कुणाची, हे स्वतःला विचारायचीही तिची हिंमत नव्हती. मग तिने तेच केलं जे तिला येतं. स्टूल ओढलं आणि रिकाम्या टेबलाच्या डोक्याशी बसली.

“काका... मी इथेच आहे. झोपा तुम्ही.”

आकडा उतरला. पंचावन्न... पन्नास...

ती हळू आवाजात बोलत राहिली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. महाराज.

“वा, मॅडम! रिकाम्या टेबलाला अंगाई? पुढचा पेशंट खोळंबलाय तिकडे!”

“सर, हळू बोला. हात जोडते. त्यांना जाग येतेय.”

महाराजांनी पडदा पाहिला. लोंबती वायर पाहिली. दुसरा कुणी असता तर उलट्या पावली दाराबाहेर गेला असता. पण भीती वाटायला आपल्याशिवाय जगात आणखी कुणी असतं, एवढं तरी ठाऊक असावं लागतं. ते टेबलावर वाकले आणि टाळ्या पिटत ओरडले,

“उठा काका, उठा! शेवटचा स्टॉप आला!”

सत्तर. ऐंशी. नव्वद...

पडदा विझला.

तेव्हा मावशीला ती चादर दिसली. नवी, कोरी, आणि मधोमध दबलेली. जड माणूस निजल्यासारखी. तिच्या डोळ्यांदेखत तो खड्डा हळूहळू... वर आला.

कुणीतरी उठलं होतं.

“डबडं आहे मशीन,” महाराज म्हणाले. “नवीन मागवा.”

मशीनवाल्याने सगळं उघडून तपासलं. त्याला काहीच सापडलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एक शिक्षिका शुद्धीवर आल्या आल्या मावशीला म्हणाल्या, “सरांच्या मागे ते जाडे गृहस्थ कोण उभे होते हो?”

“कुणीच नव्हतं, बाई.”

“होते ना. सरांच्या हातांकडे बघत होते... एकटक.”

बाईंचा आकडा ऑपरेशनभर एकदाही वर चढला नव्हता.

काही दिवसांनी एका सुताराने तेच विचारलं. त्याच्या आणि बाईंच्या ओळखीचा प्रश्नच नव्हता. फक्त त्याने एक गोष्ट जास्तीची सांगितली. त्या गृहस्थांनी सरांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला होता.

त्याच संध्याकाळी महाराज एसीच्या नावाने शंख करत होते. म्हणे वारा लागला, खांदा धरला.

मावशीने ती नोकरी सोडली. मधल्या काळात महाराजांचा हात वर होईनासा झाला. तपासण्या सगळ्या चोख. तरी शेवटी खांदा उघडून बघायचं ठरलंय. परवा त्यांनी मावशीला फोन केला. भूल तिनेच द्यावी म्हणून. अजिजीचा आवाज त्या गळ्यातून निघू शकतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

“मॅडम... माणूस एकदा पूर्ण झोपला, की त्याला कुणी काही करू शकत नाही ना?”

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बोला ना, मॅडम...”

तिने अजून उत्तर दिलेलं नाही. ऑपरेशन उद्या आहे.