पडद्यावरचे ओठ

जोसलिन डबिंगला पोचली तेव्हा ध्वनिमुद्रण करणारा वार्तान दारातच उभा राहून पालेभाजी भरलेली रोटी खात होता. ग्लेनडेलच्या आर्मेनियन बेकरीतून तो रोज दोन आणायचा, एक स्वतःला आणि एक त्या दिवशी जो कोणी माईकसमोर उभा राहणार असेल त्याला.

“खाऊन घे, पोरी,” तो म्हणाला. “रिकाम्या पोटी आलीस तर माईकमध्ये तुझ्यापेक्षा तुझं पोटच जास्त बोलतं.”

काम तसं किरकोळ होतं. माळरानावरच्या चित्रीकरणात वाऱ्याने तिची काही वाक्यं खाऊन टाकली होती. ती बर्बँकच्या या थंडगार खोलीत, स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत पुन्हा बोलायची. जोसलिनच्या हातचा मळ. ओठांवर शब्द बसवायला बाकीच्यांना अर्धा दिवस लागायचा, ती पहिल्या फटक्यात बसवायची. वार्तान नव्या मुलींना तिचं उदाहरण द्यायचा.

हेडफोनमध्ये टिकटिक झाली. पडद्यावर ती स्वतः होती, बंद दाराला गाल टेकवून उभी, मागे सगळा पिवळा माळ.

“दार उघड. इथे कुणी नाही,” ती माईकमध्ये म्हणाली.

“परत,” काचेपलीकडून वार्तान म्हणाला. मग पुन्हा “परत.” मग त्याने खुर्ची पुढे ओढली. “आज काय गं? रात्री कुठे नाचायला गेली होतीस की काय?”

“मी बरोबर बोलतेय. चित्रातच काहीतरी गडबड आहे. आवाज बंद करून बघा तुम्ही.”

दोघांनी आवाजाशिवाय पाहिलं. त्या वाक्यात ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर नव्हतं. पडद्यावरच्या जोसलिनचे ओठ मात्र मिटले, उघडले आणि पुन्हा मिटले. वार्तानने चित्रीकरणातला मूळ आवाज लावला. वाऱ्याच्या घोंघावण्याखाली तिचाच आवाज होता, अगदी स्पष्ट: दार उघड. इथे कुणी नाही.

वार्तानने तोच तुकडा पुन्हा एकदा लावून पाहिला. मग बोटांना लागलेलं तेल रुमालाला पुसत म्हणाला, “चित्र मागेपुढे सरकलं असेल. मी बघतो काय ते. तू जा, बहिणीला आणायचंय ना तुला?”

टिली तिच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी. दोन वर्षांची असताना मेंदूज्वराने तिचे कान गेले. एरी या त्यांच्या गावातल्या घरात तेव्हापासून सगळेच हातांच्या खुणांची भाषा शिकले, पण जोसलिन आणि टिलीची भाषा वेगळीच होती. जोसलिन आवाज न करता नुसते ओठ हलवायची आणि टिली ते वाचायची. जेवणाच्या टेबलापलीकडून, चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या नाकासमोर, बर्फ साचलेल्या खिडकीच्या दोन बाजूंनी. आई ओरडायची, “काय चाललंय तुमचं दोघींचं?” आणि दोघी खिदळायच्या.

त्याच ओठांनी जोसलिनला इथवर आणलं. नऊ वर्षांची असताना गावातल्या फर्निचरच्या दुकानाची जाहिरात मिळाली, सोफ्यावर उड्या मारायच्या आणि एक वाक्य बोलायचं. ती जाहिरात पाहून कुणीतरी कुणाला तरी फोन केला. सोळाव्या वर्षी ती आईबरोबर लॉस एंजलिसला आली. ज्या इमारतीत राहिली तिथे प्रत्येक घरात अशीच एक मुलगी आणि अशीच एक आई होती; सकाळी पोहण्याच्या तलावाभोवती सगळ्या मुली वाक्यं घोकत फिरायच्या. वडील मात्र एरीतच राहिले, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात, टिलीला सांभाळत. जोसलिन आधी इस्पितळाच्या मालिकेत प्रेत झाली, मग टूथपेस्ट विकली, मग दीपगृहावरच्या कुटुंबाच्या मालिकेत धाकटी मुलगी. ती मालिका चार वर्षं चालली. आई परत गेली. आणि आता हा सिनेमा, पहिल्यांदाच पोस्टरवर तिचा एकटीचा चेहरा. त्याच्या पहिल्या खेळासाठी तिने टिलीला बोलावून घेतलं होतं.

विमानतळावर टिलीने तिला कडकडून मिठी मारली आणि लगेच दूर करून न्याहाळलं. “किती वाळलीस! उपाशी ठेवतात का तुला ही माणसं?” तिचा आवाज जरा घोगरा, अक्षरं एकमेकांवर टेकलेली. परक्यांना तो समजत नसे.

गाडी एका सिग्नलला थांबली तेव्हा जोसलिनने तिच्याकडे तोंड करून डबिंगची गंमत सांगितली. स्वतःचेच ओठ स्वतःला जमले नाहीत म्हणून.

टिली हसायला लागली. “जा गं, नाटकी! इतकी वर्षं करतेयस आणि आता मला विचारतेस?”

“काय करतेय?”

“तेच. पडद्यावरून माझ्याशी बोलतेस ते.”

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. जोसलिनने गाडी कडेला घेतली.

टिलीचं हसू अजून गेलं नव्हतं. ती सांगत राहिली, हातांनी आणि तोंडाने, दोघींच्या लहानपणीच्या सवयीने. त्या फर्निचरच्या जाहिरातीत सगळ्यांना सोफ्याचं वाक्य ऐकू यायचं, पण जोसलिन खरं तर म्हणायची, ‘टिली, मांजर ओव्हनच्या मागे अडकलंय.’ आणि मांजर तिथेच सापडलं होतं. टिली टीव्ही पाहताना खालची अक्षरं कायम बंद ठेवायची, कारण बाकीचे लोक काय बोलतात ते ती त्यांच्या ओठांवरून वाचायची आणि जोसलिन तर फक्त तिच्यासाठी बोलायची. “आणि बाबांच्या किल्ल्या? ते तूच नाही का सांगितलंस?”

बाबांच्या किल्ल्यांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तीन हिवाळ्यांपूर्वी टिलीने विनाकारण हट्ट करून गाडीच्या किल्ल्या लपवल्या होत्या. बाबा संतापून घरीच बसले आणि दुपारी कारखान्यातून फोन आला की क्रेनची साखळी तुटून ते जिथे उभे असायचे तिथेच लोखंड कोसळलं.

“त्या आदल्या दिवशी तुझी मालिका लागली होती,” टिली म्हणाली. “जेट्टीवर उभी राहून तू भावाला हाका मारत होतीस. तेव्हा म्हणालीस, ‘उद्या बाबांना कामावर जाऊ देऊ नकोस.’”

तो प्रसंग त्याच्या सात-आठ महिने आधी चित्रित झाला होता. जोसलिनला तो आठवत होता, थंडीने तिची दातखीळ बसली होती.

“टिली, मी असं काही म्हटलं नाही. कधीच नाही.”

टिलीचे हात हवेतच थांबले.

“मग तू मला इतक्या वर्षांत एकदाही बोलली का नाहीस हे?” जोसलिनने विचारलं.

टिलीने जीभ चावली. ती खिडकीबाहेर बघायला लागली. जोसलिनने तिच्या खांद्याला धरून तिला आपल्याकडे वळवलं.

“तूच सांगितलं होतंस,” टिली अखेर म्हणाली. “कुणाला सांगू नकोस म्हणून. ‘मलासुद्धा सांगू नकोस’ म्हणालीस.”

घरी गेल्यावर जोसलिनने पडदे सताड उघडले, कॉफी केली आणि मालिकेचा एक जुना भाग लावला. भीतीचं तिचं औषध हेच होतं, हातात काहीतरी काम घेणं. तिने आवाज बंद केला. पडद्यावर सतरा वर्षांची जोसलिन दीपगृहाच्या पायऱ्या उतरत काहीतरी बोलत होती. जोसलिनला तिची वाक्यं पाठ होती, आणि तिला तीच दिसली. किंवा पाठ होती म्हणूनच ती दिसली. डोळे कितीही ताणले तरी पाठ असलेलं बाजूला सारून ओठ नुसते बघणं तिला जमेना.

तिने टिलीकडे पाहिलं. टिली पाय पोटाशी घेऊन बसली होती. कॉफी तशीच होती.

“काय म्हणतेय?”

“काही नाही. नेहमीचंच. भावाशी भांडतेय. बंद कर ना ते.”

“टिली.”

“बंद कर म्हटलं ना!”

टीव्ही बंद झाल्यावर टिली उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कपाटं उघडून पाहू लागली. मग मागे न वळता तिने विचारलं, “मी पाचवीत असताना तुझ्या केसांना काय लावलं होतं?”

हा कसला प्रश्न? जोसलिनने तिच्यासमोर जाऊन उत्तर दिलं. “मेपलचा पाक. आजीच्या वाढदिवसाला. केस कापावे लागले माझे. का?”

“काही नाही. सहज.”

टिलीचा चेहरा सैलावला, पण पूर्ण नाही. जेवताना तिने लहानपणाचं आणखी एक विचारलं, मग आणखी एक. जोसलिन उत्तरं देत गेली. सगळी बरोबर होती हे तिला स्वतःला माहीत होतं, तरी प्रत्येक उत्तरानंतर टिली आपल्या तोंडाकडे किती वेळ बघते हे ती मनात मोजायला लागली होती. आपल्याच बहिणीपुढे आपल्याला निवड चाचणीला उभं केल्यासारखं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिलीच्या डोळ्यांखाली काळं आलेलं होतं. जोसलिनने तिचा हात धरला. “काल पडद्यावरची ती काय म्हणाली ते सांगितल्याशिवाय मी तुला उठू देणार नाही.”

टिलीने हात सोडवून पाहिला, मग सांगितलं.

“म्हणाली, ‘सांगू नकोस म्हटलं होतं ना तुला?’”

“अगं, पण ती म्हणजे मीच ना! ती म्हणजे कोण दुसरी आहे?”

“हो,” टिली म्हणाली. “तूच की.” पण तिला ते म्हणायला जरा वेळ लागला.

जोसलिनने वार्तानला फोन लावला. काही झालं तरी तो यंत्रांचा माणूस, तो एका वाक्यात सगळं जमिनीवर आणेल असं तिला वाटलं.

“ते दाराचं वाक्य? बसलं,” वार्तान म्हणाला. “अगदी चपखल.”

“कुठे चूक होती मग?”

“खरं सांगू? मी हात टेकले होते. तसंच सोडून घरी गेलो. सकाळी येऊन उघडलं तर जुळलेलं होतं. माझ्याशिवाय त्या खोलीत कुणी येत नाही.” तो हसण्याचा प्रयत्न करत होता. “आणि एक गंमत, पोरी. आता ओठ बरोबर आहेत, आवाजही तुझाच आहे. पण मला सारखं वाटतं की आवाज दुसऱ्या कुणीतरी दिलाय. म्हातारा झालो मी. तू सिनेमा बघ आणि मजा कर.”

खेळ तीन दिवसांनी, दुपारचा होता, स्टुडिओच्याच छोट्या प्रेक्षागृहात, फक्त काम केलेली माणसं आणि त्यांच्या घरचे. दिग्दर्शकाने जोसलिनच्या गालाचा मुका घेतला. कुणीतरी टिलीला विचारलं, “बहिणीचा अभिमान वाटतो ना?” आणि टिलीने मान डोलावली. जोसलिनने यायच्या आधी तिला दहा वेळा म्हटलं होतं, नको जाऊया, डोकं दुखतंय म्हणून सांगू. टिलीच ऐकली नाही. तिने नवा निळा ड्रेस घातला होता, केस नीट वळवले होते. कुणाला तरी भेटायला जावं तशी.

दिवे मालवले.

जोसलिनने पडद्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. ती टिलीकडे बघत बसली. पडद्याच्या उजेडात टिलीचा चेहरा कधी पिवळा व्हायचा, कधी निळा. बराच वेळ तो नुसता सिनेमा पाहणाऱ्या माणसाचा चेहरा होता. मध्ये एकदा ती हसलीसुद्धा. जोसलिनचे खांदे हळूहळू सैल झाले. आपण वेड्या, तिला वाटलं. दोघीही.

मग वाऱ्याचा आवाज आला. माळरान.

टिली पुढे सरकून बसली.

जोसलिनला आपलाच आवाज ऐकू आला, सगळ्या प्रेक्षागृहात भरलेला: “दार उघड. इथे कुणी नाही.” तिला पडद्याकडे मान वळवायची होती. मान वळेना. ती टिलीच्या डोळ्यांत पाहत राहिली. दोन्ही डोळ्यांत पडद्यावरचा तो चेहरा होता, इवलासा, उजळ.

चित्र पुढे सरकलं असावं, कारण आता संगीत वाजत होतं. पण टिलीच्या डोळ्यांतला चेहरा हलला नव्हता.

टिली लक्ष देऊन बघत होती. लहानपणी खिडकीच्या काचेला नाक लावून बघायची, अगदी तशी. मध्येच तिने मान हलवली, समजलं अशा अर्थाने.

“टिली,” जोसलिन पुटपुटली. तिने टिलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. टिलीने वळून पाहिलं नाही.

टिलीचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ, पडद्याच्या दिशेने. आणि हे वाचायला मात्र जोसलिनला काहीच कष्ट पडले नाहीत.

“हो,” टिली म्हणाली. “माझ्या शेजारीच बसलीय.”

मग तिने जोसलिनचा हात मनगटाला धरून आपल्या गुडघ्यावरून उचलला आणि परक्या माणसाचा ठेवावा तसा, अदबीने, तिच्याच खुर्चीच्या पलीकडच्या दांडीवर ठेवून दिला.