नमुने गेले कुठे?

"शीऽऽ! आई, हे टेबलावर नको ना! आपण इथे जेवतो!" ढब्बूने दोन बोटांनी नाक घट्ट धरलं आणि तो खुर्चीसकट मागे सरकला.

टेबलावर उघड्या खोक्यात एक तपकिरी, चिकट गोळा होता. जळक्या रबराचा आणि कुजक्या मोज्यांचा मिळून जो काही वास होईल, तो सगळा त्या गोळ्याला येत होता.

"हे काय आहे मावशी? कुणाच्या पोटातून निघालं?" भिंगरीने विचारलं.

"ही माझी छत्री आहे," मावशी म्हणाली आणि टेबलाचा कोपरा पुसत राहिली. तो कोपरा आधीच स्वच्छ होता.

अक्का आणि भिंगरी या दोघी बहिणी सुट्टीसाठी मावशीकडे, म्हणजे ढब्बूच्या आईकडे आल्या होत्या आणि आल्यापासून घरात एकच विषय चालला होता: मावशीची छत्री. मावशी छत्री कारखान्यात नव्या छत्र्या आखायची. साध्या छत्रीत काड्या लोखंडाच्या, कापड एका जातीचं, मूठ दुसऱ्याच जातीची. मोडली की हे सगळं सुटं करत बसायला कुणाला वेळ असतो? म्हणून ती सरळ कचऱ्यात जाते. मावशीच्या छत्रीत कापड, काड्या, दांडा, मूठ, एवढंच काय, शिवणीचा दोराही एकाच जातीच्या प्लास्टिकचा होता. स्क्रू नाही, खिळा नाही, सगळे सांधे खटकन बसणारे. मोडली की अख्खी वितळवायची आणि त्याच मालातून पुन्हा नवी करायची! वजनाला तर इतकी हलकी, की भिंगरी ती करंगळीवर अडकवून घरभर फिरायची. पहिली छत्री वाऱ्याने उलटी होऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली होती, दुसरीची मूठ ढब्बूने बसून मोडली होती. आता कुठे सगळं जमलं होतं.

"भट्टीवाल्यांनी चाचणीसाठी माझ्या छत्र्या वितळवल्या," मावशी म्हणाली. "प्लास्टिकचे शुभ्र दाणे निघायला हवे होते. निघालं हे. यंत्रही अडकलं म्हणे. आज दुपारी मालकीणबाईंकडे बैठक आहे. छत्री बंद करायची आणि पुन्हा लोखंडी काड्यांच्याच करायच्या, असं ठरेल बहुतेक."

"पण तुझी छत्री चांगली आहे!" ढब्बू नाक धरूनच ओरडला, त्यामुळे ते 'तुधी छत्री तांगली आहे' असं ऐकू आलं. एरवी सगळे हसले असते.

भिंगरी मात्र गोळ्यावर वाकली होती. तिने केसातली पिन काढून गोळ्यात खुपसली.

"ईऽऽ! ती पिन परत डोक्यात घालू नकोस!" अक्का म्हणाली.

"अक्का, हे बघ." पिनेच्या टोकाला काहीतरी चिकटून आलं होतं. गंजलेला, वाकडा लोखंडी तुकडा. छत्रीच्या काडीचा.

"मावशी," भिंगरी हळूच म्हणाली, "तुझ्या छत्रीत तर लोखंडच नाही ना?"

मावशीने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. "मी व्यवस्थापकांना फोन करून विचारलं होतं गं. ते शपथेवर सांगतात, नमुनेच पाठवले. नव्या छत्र्यांची पोती त्यांच्याच ताब्यात होती." तिने सुस्कारा सोडला. "जाऊ दे. मला बैठकीसाठी कागद काढायचेत. तुम्ही बाहेर खेळा."

बाहेर खेळायला! अक्काने भिंगरीकडे पाहिलं, भिंगरीने ढब्बूकडे. ढब्बूने नाकावरची बोटं काढली, एक श्वास घेतला आणि पुन्हा लावली.

"चला," अक्का म्हणाली.

*

छत्री कारखान्याच्या फाटकाशी एक हिरवी पेटी होती. 'तुमची मोडकी छत्री इथे टाका. आम्ही तिचं पुन्हा सोनं करू,' असं तिच्यावर रंगवलेलं होतं. मुलं पोचली तेव्हा एक आजोबा त्यात मोडकी काळी छत्री ठेवत होते. टाकत नव्हते, नीट घडी करून ठेवत होते.

मुलं मागच्या बाजूला वळली. कापड कापायच्या खोलीतून कात्र्यांची खटखट येत होती. पुढे काड्या वाकवायचा कट्टा, त्याच्यापुढे लांबुळकं पत्र्याचं गोदाम. गोदामाच्या दाराशी पोचायच्या आतच वास आला.

"मला होणार!" ढब्बू म्हणाला.

"काय होणार?"

"उलटी!"

"गिळ," अक्का म्हणाली.

आत मोडक्या छत्र्यांचा ढीग छतापर्यंत गेला होता. पेटीतल्या सगळ्या छत्र्या इथेच येत असणार. ओल्याच टाकल्यामुळे त्यांना हिरवट लव आली होती. कापडांच्या घड्यांमधून पिवळट पाणी ठिबकत होतं आणि जमिनीवर त्याची साय धरली होती. एका मुठीला कुणीतरी चघळलेला च्युइंगम चिकटवला होता, त्यावर केस आणि झुरळाचा एक पाय. आणि या सगळ्याच्या मधोमध गोदामकाका खोक्यावर बसून निवांत पाव-जॅम खात होते!

"काका, तुम्ही इथे बसून खाता?" भिंगरीचे डोळेच विस्फारले.

"सवय झाली पोरी. हवा का?" काकांनी पाव पुढे केला. त्याच हाताने त्यांनी आत्ताच एक छत्री बाजूला सारली होती.

ढब्बू दाराबाहेर पळाला.

"तुमच्यासारख्या चांगल्या घरच्या पोरांनी येऊ नये इथे," काका पाव तोडत म्हणाले. "काय एकेक नमुने येतात, बघाल तर जेवण जाणार नाही! हा बघा." त्यांनी ढिगातून एक छत्री ओढून फटकन उघडली. आत काड्यांच्या सांध्यात चक्क कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या, पांढऱ्या, लिबलिबीत. "छत्रीत छत्री! आहे की नाही नमुना?"

"ईऽऽऽ!" अक्का किंचाळली.

भिंगरी मात्र जागच्या जागी थिजली. "काका, तुम्ही यांना काय म्हणालात?"

"नमुने! मग काय म्हणू? आम्ही इथे सगळे तसंच म्हणतो. आज किती नमुने आले, नमुने कुठे रचू, असंच."

अक्काचं ईऽऽ अर्ध्यावरच थांबलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आणि काका," अक्काने आवाज शक्य तितका साधा ठेवला, "परवा भट्टीवर काय पाठवलंत?"

"साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, 'नमुने भट्टीवर पाठव आणि बाकीचं मागे टाक.' मला नवलच वाटलं! एवढ्या वर्षांत कधी भट्टीवर गेले नाहीत हे नमुने. म्हटलं, चला, एकदाची सुबुद्धी झाली. चांगली पाच पोती भरून दिली."

"आणि बाकीचं म्हणजे?"

"ती पांढऱ्या छत्र्यांची पोती. हलकी, बिनलोखंडाची खेळणी कसली तरी. टाकली मागे."

"मागे म्हणजे कुठे?"

काकांनी हातातल्या पावाने मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

*

मागच्या दारापलीकडे नाला होता. खरं तर पूर्वी नाला असावा, आता नुसता काळा रबडा होता. त्यावर करड्या फेसाचे पुंजके, मधूनच बुडबुडा यायचा आणि फुटला की असा काही वास सुटायचा, की डोळ्यांत पाणी यावं. काठापासून तळापर्यंत मोडक्या छत्र्या रुतल्या होत्या. गंजक्या काड्या वर आलेल्या, कापडं शेवाळाने माखलेली. वर्षानुवर्षं लोकांनी विश्वासाने हिरव्या पेटीत ठेवलेल्या छत्र्या!

"पुन्हा सोनं करू म्हणे!" अक्का रागाने म्हणाली. "शी! त्या आजोबांनी किती नीट घडी केली होती!"

"ते बघा!" भिंगरी ओरडली. फुटलेल्या पोत्यातून पांढऱ्या छत्र्या बाहेर आल्या होत्या आणि फेसावर तरंगत होत्या. बाकी सगळं तळाला गेलं होतं. मावशीच्या छत्र्या तेवढ्या वर होत्या.

"आईचं प्लास्टिक पाण्यात बुडत नाही," मागून ढब्बू म्हणाला. तो केव्हा आला होता कुणास ठाऊक. तोंड पांढरंफटक, पण नाकावर हात नव्हता. "ती बादलीत तुकडे टाकून बघायची. म्हणायची, बुडला तो परका."

त्याने काठावरच्या दोन वाकड्या मुठींच्या छत्र्या उचलल्या, एकीची मूठ दुसरीत अडकवली आणि पोटावर आडवा झाला. त्या छत्र्यांवर काय काय होतं ते सांगायलाच नको. पहिल्यांदा आकडा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. तिसऱ्यांदा ढब्बूने मान वळवून भडभडून उलटी केली, बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा आकडा टाकला.

"ढब्बू, राहू दे, आम्ही काढतो!" अक्का त्याचे पाय धरून म्हणाली.

"नाही! माझ्या आईच्या आहेत त्या!"

एक आली, दुसरी आली. तिसरीच्या वेळी काठ खचला आणि ढब्बूचे दोन्ही हात खांद्यापर्यंत रबड्यात गेले. पण मूठ त्याने सोडली नाही.

"हे काय चाललंय?"

गोदामाच्या आरपार, पुढच्या दारात व्यवस्थापक उभे होते. मुलं त्यांना अत्तरसाहेब म्हणत, कारण ते यायच्या आधी त्यांचं अत्तर यायचं. आज ते अत्तर गोदामाच्या वासात मिसळलं आणि प्रकरण आणखीनच बिघडलं. नाकाला रेशमी रुमाल, उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

"ते पुन्हा नाल्यात टाका आणि आपापल्या घरी चालते व्हा!"

"टाकतो साहेब," अक्का गोड आवाजात म्हणाली. "पण पोतं जड आहे. जरा आत येऊन हात लावता?"

अत्तरसाहेबांनी एक पाऊल उचललं. जमिनीवरची साय पाहिली. पाऊल मागे घेतलं. "मला बैठकीला जायचंय! तुमच्याकडे नंतर बघतो!" आणि ते रुमालासकट नाहीसे झाले.

"ते कधीच आत येत नाहीत," गोदामकाका ओशाळून म्हणाले. "सगळं फोनवरून. नाल्यात टाकायचं तेसुद्धा फोनवरूनच सांगतात. पण पोरांनो, त्या पांढऱ्या छत्र्या कामाच्या होत्या का रे?"

अक्काने त्यांना सगळं सांगितलं. काकांनी उरलेला पाव खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांना तो खावासा वाटेना.

*

बैठकीच्या खोलीत टेबल आरशासारखं चकाकत होतं. एका टोकाला मालकीणबाई, एका बाजूला मावशी, समोर अत्तरसाहेब.

"मी स्वतः नमुने पाठवले," अत्तरसाहेब सांगत होते. "चूक आखणीतच आहे. दिलगीर आहे, पण…"

दार उघडून अक्का आणि भिंगरी आत शिरल्या.

"मुलींनो! इथे काय?" मावशी दचकली.

"मावशी, रागावू नकोस. बाई, आमची एकच विनंती आहे," अक्का म्हणाली. "गोदामात फोन करा आणि फक्त एवढंच म्हणा: 'नमुने घेऊन या.' दुसरं काही सांगू नका."

"नको, नको!" अत्तरसाहेब ताडकन उठले. "पोरांचं काय ऐकता बाई! गोदामात फार घाण असते!"

"गोदामात घाण का असावी?" मालकीणबाईंनी विचारलं आणि फोन उचलला. "नमुने घेऊन या."

थोड्याच वेळात वास आला. मग गोदामकाका आले, दोन्ही हातांनी कवटाळलेला भारा घेऊन. "घ्या बाई, नमुने!" म्हणत त्यांनी तो चकाकत्या टेबलावर टाकला. फच्चकन आवाज झाला. हिरवट पाणी टेबलभर पसरलं, एक झुरळ धावत सुटलं आणि कुत्र्याच्या छत्रीचा लिबलिबीत तुकडा उडून अत्तरसाहेबांच्या रेशमी रुमालावर बसला.

"शीऽऽऽ!" ही किंकाळी मात्र अत्तरसाहेबांची होती.

"हे भट्टीवर गेले?" मालकीणबाईंनी विचारलं.

"होय बाई. साहेब म्हणाले 'नमुने', आम्ही यांनाच नमुने म्हणतो. कधी विचारलंच नाही. खऱ्या छत्र्या टाकल्या मागे. चुकलं माझं."

"मागे म्हणजे कुठे?"

काकांच्या आधी दारातून उत्तर आलं, "नाल्यात." ढब्बू उभा होता, केसांपासून चपलांपर्यंत काळा, बगलेत पांढऱ्या छत्र्या. नळाखाली धुतलेल्या छत्र्या लख्ख होत्या. धुणारा नव्हता.

मालकीणबाई उठल्या आणि अत्तरसाहेबांना घेऊन तडक नाल्यावर गेल्या. तिथे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. नाकाला पदरही लावला नाही.

"लोक विश्वासाने छत्र्या आपल्या हातात देऊन गेले," त्या अत्तरसाहेबांना म्हणाल्या, "आणि तुम्ही हे केलंत. नाला साफ होईपर्यंत तुमची खुर्ची इथे. उद्यापासून. रुमाल आणायचा नाही."

"पण मला वास सहन होत नाही हो!"

"मलाही होत नाही. म्हणून तर."

मग मावशीला गाडीत बसवून त्या स्वतः पांढऱ्या छत्र्या घेऊन भट्टीवर गेल्या.

*

संध्याकाळी ढब्बूच्या आंघोळीवर आंघोळी चालल्या होत्या.

"अजून येतो का?"

"येतो," भिंगरी दाराबाहेरून हुंगून म्हणाली. "कानामागे घास. तिथे बहुतेक नाला राहिलाय."

गाडीचा आवाज आला. ढब्बू पंचा गुंडाळून, अंगावर साबणाचा फेस घेऊन तसाच बाहेर धावला. दारात मालकीणबाई होत्या. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पांढरेशुभ्र दाणे होते.

"भट्टीवाले म्हणाले, इतका स्वच्छ माल फार दिवसांनी बघितला," त्या म्हणाल्या. "छत्री होणार! मोठ्यांनी नाकं मुठीत धरून वर्षं काढली, तुम्ही नाकं सोडून कामाला लागलात. शाबास रे पोरांनो!"

भिंगरीने गिरकीच घेतली. अक्का ऐटीत 'त्यात काय एवढं' म्हणाली.

ढब्बू मात्र मालकीणबाईंच्या मागे बघत होता. तिथे आई उभी होती. ती सरळ पुढे आली आणि तिने त्याला बैठकीच्या चांगल्या साडीवर ओढून घेतलं.

"आई, नको! मला अजून घाण वास येतोय!"

"येऊ दे," मावशी म्हणाली आणि तिने त्याच्या ओल्या केसांत नाक खुपसलं.