चार्जर कुठे गेला?

"अरे, चार्जर कुठे गेला?" मामा ओरडला.

"इथेच होता की!" म्हणत भिंगरीने पाठीमागे धरलेला चार्जर पिटुकलीच्या हातात सरकवला. पिटुकलीच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण आज ती चार्जर फ्रॉकखाली कोंबून मुकाट्याने पसार झाली!

बारा वर्षांची भिंगरी, तिची धाकटी बहीण पिटुकली आणि मावसभाऊ 'प्रोफेसर' सुट्टीला मामाकडे आले होते. मामी पुस्तकांसाठी किड्यांची चित्रं काढायची. दोन वर्षं खपून काढलेली नव्वद चित्रं एकाच लॅपटॉपमध्ये होती आणि संध्याकाळी सहापर्यंत छापखान्यात पोचायची होती. आज सकाळी तोच लॅपटॉप ओलाचिंब सापडला, आणि शेजारी भिंगरीचा पाण्याचा पेला आडवा!

"निदान सांगायचंस तरी, बाळा," एवढंच मामी म्हणाली. त्यापेक्षा ती रागावली असती तर परवडलं असतं. भिंगरीने पाणी पिऊन पेला रिकामाच ठेवला होता, पण ऐकतो कोण?

"पाणीच तर आहे! वाळवू आणि चालू करू," मामा सकाळपासून घोकत होता. साधा बल्ब बदलायला महिना लावणारा मामा आज भलताच घाईत होता.

प्रोफेसरने मात्र कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला होता. "मुळीच चालू करू नका!" तो म्हणाला होता. "आणि काय सांडलं ते नक्की सांगा. गोड काही असेल तर उघडून धुवावा लागेल." जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेली होती. म्हणून तर चार्जर पळवला!

"भिंगरे, हे बघ!" प्रोफेसर कुजबुजला. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग थेट कीबोर्डात शिरत होती. त्याने वाकून वास घेतला. "चहा! पण गोड चहा घेतो कोण? मामी चहाला शिवत नाही, आणि मामाची साखर डॉक्टरांनी बंद केलीय."

भिंगरीचे डोळे चमकले. ती मोठ्याने म्हणाली, "मामा, दुरुस्तीवाल्यांना सांगते हं, चहा सांडलाय, साखर अर्धा चमचा. मग नुसतं पुसलं तरी चालेल!"

"छे छे, पुसून कसं भागेल? चांगली तीन चमचे होती!"

मामाने जीभ चावली, पण उशीर झाला होता. दारात मामी उभी होती.

"तीन?"

"तू फिरायला गेली होतीस... कपाला धक्का लागला," मामा खाली मान घालून म्हणाला. "घाबरलो गं. पेलाही मीच आडवा केला. भिंगरे, चुकलो मी."

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप खोलला, आतला चिकटा स्पिरिटने साफ केला, वाळवला आणि दुसरा कीबोर्ड बसवला. साडेचारला पडदा उजळला. भुंगे, टोळ, चतुर, सगळे जागच्या जागी होते! मामीने नव्वदच्या नव्वद चित्रं मोजली, छापखान्यात पाठवली आणि मगच ती खुर्चीत टेकली.

"तसाच चालू केला असता, तर चित्रांवर पाणी सोडावं लागलं असतं," दुरुस्तीवाला म्हणाला. "चार्जर लपवणाऱ्याला शाबासकी द्या!"

"मी लपवला!" पिटुकली ओरडली.

सगळे हसले. मामीने भिंगरीला जवळ ओढलं. "शाबास गं पोरी! आणि माझंही चुकलं. मी तुला साधं विचारलंसुद्धा नाही."

सकाळपासून दाबून ठेवलेलं रडू आता कुठे फुटलं, आणि भिंगरीला फार फार बरं वाटलं.