गच्चीवरचा टोस

कुत्रं न्यायला आलात, छान केलंत. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आमच्या पिल्लांनी खाल्लाय. इकडे बसा. कुत्री दाखवते, पण आधी एक हकीकत ऐकावी लागेल. ऐकून तुम्ही तसेच उठून गेलात तरी मला वाईट वाटणार नाही. हल्ली मला वाईट वाटत नाही, फक्त राग येतो. आणि ही भर दुपारची हकीकत आहे म्हणून हसू नका. आमच्या संभाजीनगरात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर जितकं सामसूम असतं, तितकं रात्रीसुद्धा नसतं.

पडेगावच्या पुढे, सासऱ्यांच्या या पडीक तुकड्यावर मी पत्र्याची शेड घातली, तेव्हा लोक म्हणाले, करुणाला वेड लागलंय. वेड बिड काही नाही. भटकी, जखमी कुत्री आणायची, बरी करायची, चांगलं घर बघून द्यायची, एवढंच काम. अवघड जातात ती माणसं. केस गळतात म्हणून कुत्रं परत करतात. वास्तुवाल्याने सांगितलं म्हणून परत. भुंकतं म्हणून परत! मग काय त्याने भूपाळी म्हणायची? तरीही मी घेते. कुत्रं देताना प्रत्येकाला बजावून सांगते की नको झालं तर रस्त्यावर सोडू नका. कधीही, कसंही असू द्या, मला परत द्या. मी एक शब्द न विचारता घेईन.

विश्वजीतलाही हेच सांगितलं होतं.

हा विश्वजीत वैजापूरकडचा. घरची शेती, स्वतः एका कंपनीत मॅनेजर, इथल्याच सातारा परिसरात नवं दुमजली घर. बायको श्रेया आणि पहिलीत जाणारी मुलगी तनू. थंडी सरत आली होती तेव्हा तिघं इथे आले. त्यांना मी टोस दाखवला. टोस उस्मानपुऱ्यातल्या एका बेकरीच्या मागे सापडलेला, चहात बुडवायच्या टोससारखाच तपकिरी, मागचा एक पाय जरा घासत चालायचा. कधी कोणावर गुरगुरला नाही. तनूने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि त्याने डोळे मिटून घेतले. मी त्यांचं घर बघून आले, फाटक बघितलं, शेजाऱ्यांशी बोलले, आणि टोस त्यांना दिला. दर रविवारी त्याचा व्हिडिओ पाठवायचा, ही माझी दुसरी अट. तीही त्यांनी मान्य केली.

व्हिडिओ अगदी वेळेवर यायचे. तनू चेंडू टाकते, टोस आणतो. तनू पोळी देते, टोस खातो. मे महिन्यातल्या एका रविवारी मी कूलरसमोर बसून तो व्हिडिओ बघत होते. घाम निथळत होता. आणि त्यात तनूच्या अंगात स्वेटर होता.

आधीचे व्हिडिओ काढून बघितले. सगळ्यांत स्वेटर. सगळे पहिल्या आठवड्यातच काढून ठेवलेले, आणि हा पठ्ठ्या दर रविवारी एकेक पाठवून मला गंडवत होता.

मी तशीच उठले. इथला स्वयंपाक सांडूमामा करतात, त्यांना म्हटलं व्हॅन काढा. निघताना एक पातेलं आणि पळी घेतली. आमची कुत्री नावाला ओ देत नाहीत, पळीला देतात. जेवण तयार झालं की मी पातेल्यावर पळी वाजवते आणि ती असतील तिथून धावत येतात. टोसला कुठे कोंडून ठेवला असेल तर पळी ऐकून तो गप्प बसणार नाही, हा माझा हिशेब.

सातारा परिसरात पोचलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. एका बोळात पाण्याचा टँकर उभा होता, त्याचा पाइप गळत होता, आणि त्या थेंबांखेरीज कशाचा आवाज नव्हता. श्रेयाने दार उघडलं. मला बघून ती दचकली नाही.

"या ताई. बरं झालं आलात. न्या त्याला."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे टोस आहे. तेवढ्यात डोक्यावरच्या छतातून आवाज आला. खर्र... खर्र... साखळी फरशीवरून ओढत जात होती. थोडी जाऊन वळली, परत आली, आणि हिसका बसावा तशी थांबली.

"या उन्हात गच्चीवर बांधलाय?" मी ओरडलेच. हॉलमध्ये विश्वजीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसला होता. "ताई, आधी ऐकून घ्या," म्हणत तो उठला. मी ऐकलं नाही. दोन-दोन पायऱ्या चढत गेले. जिन्यात ओल्या कुत्र्याचा वास दाटला होता. हा वास मला अंगावरच्या कपड्यांइतका ओळखीचा आहे.

वरचं दार ढकललं.

ऊन लागू नये म्हणून लोक गच्चीला पांढरा रंग देतात, तसा तिथेही दिला होता. पाण्याच्या टाकीभोवती तो रंग घासून घासून गेला होता आणि खालच्या सिमेंटचा गोल उघडा पडला होता. टाकीच्या लोखंडी पायाला साखळी बांधलेली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. जवळ एक कोरडं वाडगं. आणि त्या गोलात तनू मांडी घालून बसली होती. अनवाणी.

माझ्यामागून आलेले सांडूमामा चपला घालूनही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. ती पोर मात्र सावलीत बसावं तशी बसली होती. तिने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू," ती म्हणाली. "आत्ताच निजलाय तो."

मी खाली कशी आले ते आठवत नाही. काय घडलं ते श्रेयाने सांगितलं. विश्वजीत नुसता जमिनीकडे बघत होता. एप्रिलमध्ये वैजापूरला त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. कॉलनीत चोऱ्या होत होत्या, म्हणून टोसला राखणीला गच्चीवर बांधला. एक वाडगं पाणी ठेवलं, दाराला कुलूप घातलं आणि सगळे लग्नाला गेले. एका दिवसात परत येणार होते. मग हळद, मग वरात, मग देवदर्शन. परत आले तेव्हा टोस त्या गोलात आडवा पडला होता. वाडगं त्याच्याच धडपडीत लांब सरकलेलं, साखळी पोचत नव्हती तिथे. विश्वजीतने त्याला पोत्यात घातलं आणि सकाळी घंटागाडीत दिलं.

घंटागाडीत. ओला कचरा, सुका कचरा, आणि माझा टोस.

तेव्हापासून रोज दुपारी साखळी चालायची. त्यांनी घराची शांत करून घेतली, गच्चीला कुलूप लावलं, काही उपयोग झाला नाही. साखळी सोडवायला हात पुढे होत नव्हता. आता विश्वजीतने वर बघितलं. "ताई, तुम्हीच म्हणाला होता ना... कधीही, कसंही असू द्या, परत घेईन म्हणून. घ्या ना मग."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंतपणी एक फोन करायला याचं बोट दुखत होतं, आणि आता माझा नियम मलाच शिकवतो! मी पातेलं उचललं. म्हटलं, आता तो तुमचाच आहे, सांभाळा आयुष्यभर. वाजू दे साखळी. झोपू नका. मी खरंच दारापर्यंत गेले. विश्वजीतला तसाच ठेवून जाण्यात मला जे सुख वाटलं, ते लपवत नाही.

श्रेया आडवी आली. मघाशी ती तनूला उचलून खाली घेऊन आली होती. तिने पोरीचा तळवा माझ्या हातात दिला. त्या तापलेल्या सिमेंटवरून आलेला तो पाय गार होता. एक साधा लाल ठिपका नव्हता त्यावर.

"कुलूप लावलं तरी वरच सापडते," श्रेया म्हणाली. "जेवत नाही. नुसती तहान तहान करते. आता हाक मारली तर... आईकडे बघतसुद्धा नाही. रोज थोडी थोडी जातेय हो ती माझी."

त्या पोरीने त्याला पोळी दिली होती. तिचा काय गुन्हा? मी परत फिरले. तनू तोवर आईच्या हातातून सुटून जिना चढून गेलीही होती.

मी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले आणि पळी वाजवली. इथे वाजवते तशीच, त्याच तालात. "ये रे टोस. जेवायला चल."

वर साखळी हलली. खर्र... मग जिन्याकडे ओढल्यासारखी ताणली गेली. मी वाजवत राहिले. एकदम साखळी सैल पडल्याचा आवाज आला. त्यानंतर पायऱ्यांवर नखं वाजायला लागली. टक टक टक, आणि चौथा पाय घासत. जिना रिकामा होता. आवाज जवळ आला, माझ्या पोटरीला काहीतरी ऊन ऊन, केसाळ घासून गेलं, आणि त्याच क्षणी वरून तनूने किंकाळी फोडली.

श्रेया वर धावली आणि पोरीला घेऊन आली. तळपाय लालभडक झाले होते, एक फोड तर तेव्हाच आला होता. तनू "आई गं, आई गं" करून रडत होती आणि श्रेया तिचे पाय पाण्यात धरून हसत होती, रडत होती. चटका बसला म्हणून एवढा आनंद झालेली आई मी कधी पाहिली नाही.

सांडूमामांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं. व्हॅन जराशी दबली.

"बसला तो," मामा हळूच म्हणाले. "चला ताई. मागं बघू नगा."

त्या संध्याकाळी इथे जेवण वाढलं. आमची कुत्री ताटावर मारामाऱ्या करतात. त्या दिवशी एकही भांडलं नाही, आणि भिंतीकडची एक जागा सगळ्यांनी सोडली होती. मी तिथेही मूठभर भात ठेवला आणि पोटभर रडून घेतलं.

श्रेया तनूला घेऊन माहेरी निघून गेली. पाय बरे झाले, पोर दोन-दोन भाकरी खाते, असा तिचा फोन आला. मला वाटलं, संपलं.

मग एका दुपारी विश्वजीतचा फोन आला. आवाज कोरडा, ओढलेला.

"ताई... साखळी अजून वाजते."

मी चिडून म्हटलं, काढून फेका ती. तर म्हणाला, फेकली, कधीच भंगारवाल्याला दिली. फोनमध्ये मला ती ऐकू येत होती. खर्र... खर्र...

"घरात कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग गच्चीवर कोण आहे?"

तिकडून धापा ऐकू आल्या.

"मी," तो म्हणाला.

वाटेत मी सांडूमामांना सगळं बोलून दाखवलं, त्याला काय काय सुनावणार ते. इतके दिवस ते माझ्या तोंडात तयार होतं. घराचं दार सताड उघडं होतं, टीव्ही चालू होता. गच्चीचं दारही उघडं. विश्वजीत ऑफिसच्या कपड्यांत त्या गोलात बसला होता. ओठ फुटलेले, शर्ट मिठाने पांढरा झालेला. टाकीचा पाया मोकळा होता, साखळी खरंच नव्हती.

"उठा," मी म्हटलं. "चला खाली."

तो उठला, निमूट चालत आला. जिथे घासलेला गोल संपतो तिथे त्याची मान मागे हिसकली. गळ्यात काही नव्हतं. मी हात धरून ओढलं, मामांनी कमरेला धरलं. पुन्हा हिसका, आणि त्याच्या घशातून गळा आवळल्यासारखा आवाज निघाला. मामांनी त्याला सोडून दिलं.

"ताई... हे आपल्या हातातलं नाय."

मी पातेलं घेतलं आणि खांदा दुखेपर्यंत पळी बडवली. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला त्या आवाजाची काही ओळखच नव्हती.

मग मला ते वाडगं दिसलं. गोलाच्या बाहेर, त्याचा हात जेमतेम पोचणार नाही इतक्या अंतरावर, पालथं. माझा राग होता, अजूनही आहे, पण त्या क्षणी मला त्यातला एक शब्द सापडेना. मी खाली जाऊन वाडगं भरून आणलं आणि पायाने आत सरकवलं.

तो गुडघ्यांवर आला. मग पुढे वाकला. प्यायला त्याने हात लावले नाहीत.