सीदी अम्मारच्या टेकडीवरचे पांढरे सापळे

"लाकडात कुणीतरी दात घासतंय," पाइनच्या खोडाला कान लावून खमैस म्हणाला.

"सुट्टीत? मग तो तुझ्यापेक्षा शहाणा आहे," दूजा म्हणाली.

सीदी अम्मारच्या दर्ग्यामागची झाडं एकामागून एक तांबडी पडून मरत होती. भर दुपारी टेकडीवर एक पक्षी नव्हता. फक्त सालीखालची ती करकर. गाव म्हणत होतं, सीदी रुसलेत. दूजाचं घर या पाइनच्या बियांवर चालायचं. आता एकच हिरवी रांग उरली होती. तीही गेली की बिऱ्हाड ट्यूनिस शहरात, मामाच्या चौथ्या मजल्यावर. आईने भांडी बांधायला घेतली होती.

वनरक्षक तिजानीकाका मात्र निवांत होते. "किड्यांना ओढणाऱ्या वासाची पुडी घालून सापळे लावलेत. एक किडा सापडला नाही. म्हणजे किडे नाहीतच."

सापळे पांढरेशुभ्र चमकत होते. जत्रेआधी दर्ग्याला चुना देतात. उरलेला चुना काकांनी पायऱ्यांना, सापळ्यांना आणि जागचं न हललेल्या एका गाढवाला लावला होता.

दोघं हिरव्या रांगेशेजारच्या सापळ्याजवळ गेली. ऊन तापलं, तसे मेलेल्या झाडांतून बारीक ठिपके उठले. सापळ्याशी घोटाळले, वळले आणि खमैसवर बसले. मग ढग आला. उडणारे सगळे एकदम थांबले. त्या शांततेत खमैस किड्यांनी भरून उभा होता.

"दूजा," तो ओठ न हलवता म्हणाला, "मी मेलोय का?"

"नाही. पण त्यांना तू झाड वाटतोयस."

तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर एकही किडा नव्हता. त्याच्या काळ्या पँटवर जितके, तितकेच लाल शर्टावर.

"लाल त्यांना काळंच दिसत असणार," ती म्हणाली. "काळं आणि उभं, म्हणजे खोड. पांढरं म्हणजे खोड नाही."

"म्हणजे काका वासाने बोलावतात आणि चुन्याने हाकलतात? मग किडे जेवतात कुठे?"

दोघांनी हिरव्या रांगेकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सापळे घासले. खालून काळे निघाले. दुसऱ्या दुपारी दूजाने किड्यांनी भरलेला डबा चहाच्या दुकानात काकांपुढे उघडला.

काकांनी डबा हलवून पाहिला. "हे माझ्या सापळ्यातले?"

"धुतल्यावरचे."

"मीच पंगत वाढून दिली की त्यांना," काका हळूच म्हणाले.

दर्ग्याचे म्हातारे शेख उठले आणि पोरांच्या डोक्यावर हात ठेवला. "सीदींवरचा आळ काढलात. शाबास."

किड्यांनी भरलेली झाडं गावाने तोडली, साली जाळल्या. हिरव्या रांगेभोवती काळे सापळे रोज भरत होते.

रात्री मामाचा फोन आला. आई खिडकीतून टेकडीकडे बघत म्हणाली, "नाही रे, येत नाही आम्ही. एक रांग आहे अजून."